प्रत : संबंधितांस माहितीसाठी

४ फेब्रुवारी, मंगळवार

निवृत्त होऊन आठ महिने झाले. आज पहिल्यांदा कुणीतरी 'आम्हाला तुमची गरज आहे' असं म्हणालं. घरात तसं कुणी म्हणत नाही. घरात 'जरा पाय वर घ्या, फरशी पुसायचीय' एवढंच म्हणतात.

सकाळी दहाला एक गृहस्थ आले. पोलिसांच्या गोपनीय शाखेतले. नाव सांगेनात. बसल्यापासून उठेपर्यंत अकरा वेळा शिंकले, म्हणून इथे त्यांना सर्दीसाहेब म्हणतो. काम असं : बाजारामागच्या गल्लीत एका टेलरबाईचं दुकान आहे. तिथे दर गुरुवारी काही बायका जमतात. आमची माणसं पोलिसांनी उचलून नेली आणि परत दिली नाहीत, असं त्यांचं म्हणणं. 'असलं काही नसतं हो,' साहेब म्हणाले, 'माणसं आपली आपण जातात.' मी त्यांच्यात शिरायचं, कान उघडे ठेवायचे आणि आठवड्याला एक अहवाल द्यायचा. मला सांकेतिक नावही दिलं : मांजर. मी विचारलं, बोका का नाही? ते म्हणाले, बोका आधीच कुणीतरी घेतलाय.

'अहवाल कोणत्या नमुन्यात द्यायचा?'

'नमुना कसला? चार ओळी खरडा.'

खरडा! चौतीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलेल्या माणसाला हे सांगतात! दुसरा कप चहा करायला सांगणार होतो, तो बेत तिथेच रद्द केला.

ही विचारत होती, कोण आलं होतं. म्हटलं, पेन्शनच्या कामाचे. 'पेन्शनवाले घरी येतात होय?' म्हणाली आणि गेली आत. हिला काही संशय येत नाही, ते एक बरं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पँटची उंची कमी करायची म्हणून दुकानात गेलो. पँटची उंची अगदी योग्य होती, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

टेलरबाई चाळिशीची. तोंडात टाचण्या धरून बोलते, तरी शब्द न् शब्द कळतो. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. 'सरकारी नोकरीत होतात ना, काका?' मी चरकलो. कसं ओळखलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'खिशाला तीन पेनं आहेत.'

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान शेजारीच. चौदा महिन्यांपूर्वी कोपऱ्यावर पोलीस एका विद्यार्थ्याला मारताना त्याने पाहिलं. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, तर जे पाहिलं ते सांगून मोकळा झाला. चौथ्या दिवशी गाडीतून चौघे आले. 'गाडीतलं घड्याळ बंद पडलंय, जरा बघता का?' म्हणाले. हा भिंग घेऊन गेला, तो गेलाच. पोलीस ठाण्यात म्हणतात, असा माणूस इथे कधी आलाच नाही.

बाकी मंडळी : तिची सासू, जिला सगळे आजी म्हणतात आणि जिला ऐकू येत नाही असं सगळे समजतात. एक शाळेच्या बाई, त्यांचा मुलगा तीन वर्षांपासून बेपत्ता. एक वकीलबाई. आणि एक गिऱ्हाईक, ज्याचं घड्याळ दुरुस्तीला दिलेलं अडकून पडलंय. तो लढ्यात उतरलाय तो केवळ घड्याळासाठी. पण घोषणा सगळ्यांत मोठ्याने तोच देतो.

पँट बोटभर जास्तच आखूड झाली.

७ फेब्रुवारी

अहवाल लिहिला. विषय, संदर्भ, मुद्दे, रकाने, सगळं जिथल्या तिथे. तळाशी नेहमीप्रमाणे 'प्रत : संबंधितांस माहितीसाठी'. ही ओळ घातल्याशिवाय एकही कागद माझ्या टेबलावरून कधी हललेला नाही. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. एक साहेबांना, एक संबंधितांना, एक माझ्या फाइलला.

ही पाकिटं टाकायला निघाली होती. म्हणाली, 'अहो, संबंधित म्हणजे कोण?'

'ज्यांच्याविषयी पत्र आहे ते. एवढं साधं कळत नाही?'

'बरं. मग त्या पाकिटावर पत्ता मी घालते,' म्हणाली. तेवढीच मदत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मंडळी फारच गोड वागली. मी आत शिरताच सगळ्या गप्प झाल्या. मग आजींनी मला आपादमस्तक न्याहाळून 'हाच का गं तो?' असं खणखणीत आवाजात विचारलं. टेलरबाई म्हणाली, 'हो आजी, हेच काका आपल्याला मदत करणार आहेत.' मला चांगली खुर्ची दिली. बायका बोलतातही किती सावकाश! मी सहज चिठोऱ्यावर टिपत होतो, तर शाळेच्या बाईंनी एक वाक्य दोनदा सांगितलं आणि शेवटी 'पूर्णविराम' असंही म्हणाल्या. शिक्षकी पेशाची सवय, दुसरं काय.

मग त्यांनी गृहखात्याला पाठवायचा अर्ज दाखवला. काय सांगावं! विषय नाही, संदर्भ नाही, जोडपत्रांना क्रमांक नाहीत. 'अहो, असा अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही!' मी जवळजवळ ओरडलोच. चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून नव्याने लिहून दिला. टाळ्या पडल्या. मला एकमताने चिटणीस केलं.

चिटणीस झालो हे हेरगिरीच्या दृष्टीने फार सोयीचं आहे. अहवालात तसं नमूद केलं.

१९ फेब्रुवारी

साहेबांना भेटायची जागा म्हणजे दातांच्या दवाखान्यातला बाक. तिथे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, हा त्यांचा हिशेब. आज मी वेळेवर पोचलो, साहेबांचा पत्ता नाही. आतून डॉक्टर ओरडले, 'पुढचा!' बाकावर मी एकटा. आता 'मी पेशंट नाही' म्हणावं, तर मग इथे का बसलात, हे आलं. गेलो आत. कुठला दुखतोय म्हणून विचारलं, तर मी घाबरून जो हाताला लागला तो दाखवला.

उत्तम दाढ होती. बाहेर आलो तर साहेब बसलेले. माझ्या तोंडात कापूस, त्यामुळे माझा तोंडी अहवाल त्यांना कळला नाही, आणि त्यांच्या शिंकांमुळे त्यांच्या सूचना मला कळल्या नाहीत. भेट पार पडली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मागच्या गुरुवारी समितीत ठरलं होतं की मंगळवारी सकाळी सगळ्यांनी फोटो घेऊन पुलावर उभं राहायचं. 'पुलावर' हा शब्द टेलरबाईने तीनदा उच्चारला. आजींनी मला 'लिहून झालं का?' असंही विचारलं. मी ताबडतोब कळवलं. मंगळवारी पुलावर पोलिसांच्या तीन गाड्या उन्हात उभ्या होत्या, आणि बायका तिकडे कोर्टाच्या फाटकापाशी! परदेशातून आलेल्या पाहुण्या न्यायाधीशांच्या हातात अर्ज देऊन, फोटो काढून, घरीसुद्धा गेल्या.

ऐनवेळी बेत बदलतात आणि चिटणिसाला कळवत नाहीत. याला कारभार म्हणतात? आज चांगलं सुनावलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आजींचे तर खांदे हलत होते. वाईट वाटलं मला, म्हाताऱ्या माणसाला रडवलं म्हणून.

६ मार्च, गुरुवार

आज गंमत काही नाही.

टेलरबाईचे जुने कागद लावत होतो, तारखेप्रमाणे. सगळ्यांत खाली तिचा पहिला अर्ज सापडला. नवऱ्याला नेल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. आमच्याच कार्यालयात दिलेला. वर लाल शाईत शेरा : 'समास सोडलेला नाही. अर्ज परत.' खाली सही.

सही माझी.

वकीलबाई नेमक्या तेव्हाच कुणाला तरी सांगत होत्या की पहिले तीन दिवस तो इथल्याच ठाण्यात होता, तेव्हा एक जरी कागद आवकला चढला असता तर त्याला हलवता आलं नसतं. मी तो अर्ज घडी करून पुन्हा तळाशी ठेवला. डोकं दुखतंय म्हणून घरी आलो.

तिचा त्या दिवशीचा चेहरा आठवायचा किती प्रयत्न केला. खिडकीपाशी उभी असणार, रात्रभर झोपलेली नसणार. नाही आठवला. समास आठवला. डाव्या बाजूला बोटभरसुद्धा जागा सोडली नव्हती.

९ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. जेवण जात नाही. ही म्हणाली, दाढेची जखम अजून भरली नाही का? हो म्हणालो.

अहवालाच्या नमुन्यात नववा रकाना आहे : 'समितीचा दावा खरा की खोटा'. तो मी पहिल्यापासून कोरा ठेवत आलोय, कारण मला माहीत नाही. कोरा रकाना मला सहन होत नाही. म्हणून आज साहेबांच्या शाखेला स्वतंत्र पत्र लिहिलं : 'समितीच्या म्हणण्यानुसार सदर घड्याळ दुरुस्तकार यास टेकडीवरील जुन्या गोदामात ठेवण्यात आले आहे. हे खरे किंवा कसे, ते कृपया कळवावे, म्हणजे रकाना क्रमांक नऊ भरता येईल.'

बाकी काही हेतू नाही. रकाना भरला पाहिजे, इतकंच.

२४ मार्च

पहिलं स्मरणपत्र १४ तारखेला, दुसरं १९ला. आज तिसरं पाठवलं, ते नियमाप्रमाणे वरच्या साहेबांच्या नावे.

सर्दीसाहेब न्हाव्याच्या दुकानात भेटले (दवाखान्यात आता मी जात नाही). तोंडाला फेस, त्यातून गुरकावले, 'अहो, तुम्ही आम्हाला माहिती द्यायची! आम्हाला विचारायचं नाही!'

'मग रकाना कोरा ठेवू?'

'ठेवा की कोरा! काय आभाळ कोसळणारे?'

'साहेब, महिनाअखेर आहे. माझं पत्र तुमच्याकडच्या प्रलंबित पत्रांच्या तक्त्यात दिसेल. तुमचे वरिष्ठ तुम्हालाच विचारतील, हे का लोंबकळतंय.'

तेवढ्यात ते इतक्या जोरात शिंकले की न्हाव्याचा वस्तरा अर्ध्या मिशीतून आरपार गेला. पुढचं बोलणं झालं नाही.

२ एप्रिल, बुधवार

उत्तर आलं.

मी ते चार वेळा वाचलं. जावक क्रमांक आहे, तारीख आहे, गोल शिक्का आहे. त्या शाखेतल्या कुण्या कारकुनाने महिनाअखेरीला तक्ता रिकामा करायचा म्हणून दिलेलं उत्तर. मी त्याला दोष देत नाही. मीही हेच केलं असतं. 'उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, समितीचा दावा चुकीचा आहे. सदर इसम टेकडीवरील गोदामात नसून जुन्या पाणीपुरवठा इमारतीत, खोली क्रमांक ११ मध्ये आहे. सबब प्रकरण निकाली काढावे.'

म्हणजे आहे. जिवंत आहे. चौदा, नाही, आता सोळा महिने जो माणूस कुठेच नव्हता, त्याला खोली क्रमांक आहे.

पत्र माझ्या नावाचं, वर 'गोपनीय'. ते बाहेर दिलं तर माझं काय होईल ते मला चांगलं ठाऊक आहे. भीती वाटते. खोटं कशाला लिहू, अक्षर बघा कसं आलंय. मी शूर माणूस नाही. मी रांगेतल्या माणसाला 'उद्या या' म्हणणारा माणूस आहे.

पण उद्या गुरुवार आहे.

३ एप्रिल, गुरुवार

सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. आत शिरलो तर शिलाई मशीनपाशी माझी बायको बसलेली!

'तू इथे काय करतेस?'

'काज करतेय,' ती म्हणाली. 'दर सोमवारी येते मी, आज गुरुवारीही आले. तुम्हाला कधी विचारायला सुचलं नाही.'

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. मी हेर आहे. मला पोलिसांनी पाठवलंय. माझं नाव मांजर आहे.

कुणी दचकलंसुद्धा नाही. टेलरबाईने ड्रॉवर उघडला. आत माझे सगळे अहवाल, तारखेप्रमाणे, गुलाबी दोऱ्यात ओवलेले. माझी तिसरी प्रत मी जशी लावतो, त्याहून नीट. 'संबंधितांस माहितीसाठी,' ती म्हणाली. 'पहिल्या आठवड्यापासून येतायत, काका. काकूंचं अक्षर छान आहे.'

'पहिल्याच अहवालात मला बहिरी लिहिलंस,' आजी म्हणाल्या. 'ते खोड.'

मला इतकी लाज वाटली आणि इतकं हलकं वाटलं, की मी पाणी मागितलं. मग खिशातून पत्र काढून टेलरबाईच्या हातात दिलं. 'ही प्रत मी स्वतः आणलीय,' म्हणालो.

तिने वाचलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून पिनकुशनला लावल्या. सगळ्या संपल्यावर म्हणाली, 'अकरा नंबर.' आणि मशीनवर डोकं ठेवून रडली. माझी बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुम्ही बसा आता.' दहा महिन्यांत इतक्या प्रेमाने ती माझ्याशी बोलली नव्हती.

वकीलबाई तोवर पत्र घेऊन पायऱ्या उतरलेल्या होत्या.

४ एप्रिल, शुक्रवार

कोर्ट. सरकारी वकील म्हणाले, असा इसम आमच्याकडे नाही आणि कधी नव्हता. वकीलबाईंनी पत्र पुढे केलं. न्यायाधीशांनी जावक क्रमांक वाचला, शिक्का उजेडात धरून बघितला, आणि कोर्टाचा माणूस त्याच मिनिटाला पाणीपुरवठ्याच्या इमारतीत पाठवला. तो परत येईपर्यंत सरकारी वकिलाला फोनला हात लावू दिला नाही.

तीन तास. आजी मला म्हणाल्या, 'इतक्या जोरात श्वास घेऊ नकोस, मला ऐकू येतोय.'

मग दार उघडलं. फोटोतल्या माणसाच्या निम्मा माणूस आत आला. अंगावर कुणाचा तरी ढगळ शर्ट. उजेडाने डोळे मिटून घेत होता. मागच्या बाकावरून ते गिऱ्हाईक उठलं, मला वाटलं आता हा घड्याळ मागणार. पण त्याने घड्याळाचं नावच काढलं नाही. तसाच उभा राहून मुसमुसत होता.

न्यायाधीशांनी विचारलं, किती दिवस तिथे होतात? त्याने विचार केला. मग अगदी हळू विचारलं, 'आज तारीख काय आहे?'

मी उठलो. कुणी सांगितलं नव्हतं, माझा मीच उठलो. 'चार एप्रिल,' म्हणालो. 'शुक्रवार.' तो 'आभार' म्हणाला. टेलरबाई त्याच्यापाशी गेली आणि बाही चिमटीत धरून म्हणाली, 'हा शर्ट कुणाचा आहे?' आणि मग सोडलीच नाही.

११ एप्रिल

घराचं दार कुणीतरी काळं केलंय. समोर दोन माणसं दिवसभर उभी असतात. हिने त्यांना बोलावून दार पुसायला लावलं. पुसलं बिचाऱ्यांनी.

सर्दीसाहेबांची बदली झाल्याचं कळलं. जाण्याआधी रस्त्यात भेटले. मिशी नव्हती. 'खालची ओळ मी वाचायला हवी होती,' एवढंच म्हणाले. मी म्हणालो, खालची ओळ कुणीच वाचत नाही हो. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी वाचली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

घड्याळवाल्याला भेटलो. दुकानात बसतो, शटर पूर्ण उघडं लागतं. कुणी मागून आलं की टेबलाखाली शिरायला बघतो. मी समोरून गेलो, खूप लांबूनच हाका मारत.

मग टेलरबाईला बाजूला घेऊन समासाचं सांगितलं. तळाशी ठेवलेल्या अर्जाचं. माझ्या सहीचं.

'माहितेय,' ती म्हणाली. 'पँट घेऊन आलात तेव्हाच ओळखलं. खिडकीतला माणूस विसरेन मी?'

'मग मला आत का घेतलंस?'

'मी एक कागद दिला तर तुम्ही परत पाठवलात. म्हटलं, हा माणूस त्यांच्याही डोक्यावर असाच बसला तर? मात्र माफबिफ केलेलं नाही हं, काका. ते मला जमेल तेव्हा बघेन. चला, बाई थांबल्यायत.'

शाळेच्या बाई मुलाचा फोटो घेऊन बसल्या होत्या. त्यांचा अर्ज आजपासून माझ्याकडे. मी कोरा कागद घेतला आणि विचारत गेलो. नाव त्यांनी सांगितलं. उंची सांगितली. उजव्या भुवईवर खूण. कॉलेजला जाताना नेलं, सायकल तिथेच पडलेली मिळाली.

'वय?' मी विचारलं.

बाईंनी फोटोकडे बघितलं. 'नेलं तेव्हाचं लिहायचं की आताचं?'

चौतीस वर्षं मी लोकांना कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं. याचं उत्तर मला येईना. ही मान खाली घालून काज करत होती, तिचाही हात थांबला.

दोन्ही लिहिली.